रीलमधला येशू, कोरडी पांझरा आणि निवेदनावरची चौदावी सही

पांझराकाठ

राम राम, सलाम, जय ख्रिस्त, ज्याला जे चालतं ते घ्या. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहावंच लागतंय.

आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत एक पोरगा राहतो. बारावीनंतर पुढे काही जमलं नाही, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि अहिराणी कॉमेडीच्या रील टाकतो. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी त्याने एक टाकली. अंगावर पांढरी चादर, डोक्याला काट्यांचा मुकुट, पायात प्लॅस्टिकच्या चपला आणि स्वारी पांझरेच्या पात्रात उभी. पाण्यावर चालून दाखवायला आलेला येशू. खाली बघतो, इकडेतिकडे बघतो, म्हणतो, "पानीच नही शे भो, चालू कसावर?" मागून कोणी तरी ओरडतं, पाण्याचा द्राक्षारस तरी कर. तर म्हणे, "नळले आठ दिनमा एकदाव पानी येस, त्यानाबी रस करी टाकू तर बाया मारतीन!" शेवटी पात्रात टाकलेल्या कचऱ्याच्या ढिगाकडे हात करून आभाळाकडे बघतो: "हे बाप, यास्ले माफ कर. या काय करी ऱ्हायनात ते यास्ले समजत नही."

मला हसू आलं. मग लाज वाटली. मग पुन्हा हसू आलं.

रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर आमच्या मंडळीच्या तरुण संघाच्या पोरांनी पोलिसांना द्यायचं निवेदन पुढे केलं. 'विषय: धार्मिक भावना दुखावल्याबाबत.' खाली तेरा सह्या, चौदावा आकडा घालून जागा मोकळी. मंडळीची सगळी निवेदनं आजवर मीच लिहीत आलो, दफनभूमीच्या कंपाउंडपासून पाण्याच्या टँकरपर्यंत. अक्षर बरं आहे म्हणून. हे पहिलंच माझ्या हातचं नाही. "वाचून करतो" म्हणालो आणि गाडीच्या डिकीत टाकलं. आता आमच्या मंडळीतले वडील, आबा म्हणतो आम्ही त्यांना, माझ्याशी बोलत नाहीयेत. त्यांची सही पहिली आहे.

कायद्याचं जाणकारांनी सांगावं. पण मला खरं विचारायचंय ते वेगळं. बोलण्याच्या स्वातंत्र्याकडे ख्रिस्ती माणसाने कसं बघावं? आपल्याला हवं तेव्हा मागायचं आणि दुसऱ्याने आपल्यावर वापरलं की ठाण्यात जायचं, असं चालेल का?

तिखट_शेव

सही करून टाका. दुसऱ्या कोणाच्या देवाला अशी चादर नेसवली असती तर आतापर्यंत त्या दुकानाचं शटर राहिलं नसतं. तुम्ही लोक फार मऊ.

पांझराकाठ

शटर राहिलं नसतं, बरोबर. तेच नको आहे.

काळा_कोट

निवेदनात जे कलम टाकलं असेल ते पूर्वीचं २९५-अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९. तीन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी उचलला तर सोमवारपर्यंत पोरगा आत. सही करणाऱ्या तेराही जणांना हे माहीत आहे का, एवढं विचारा.

हे कलम १९२७ चं. लाहोरात पैगंबरांविषयी एक पुस्तिका निघाली, प्रकाशकाला हायकोर्टाने सोडलं, कारण तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं. गदारोळ झाला, इंग्रजांनी नवं कलम घातलं. तरी १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. कलम आलं म्हणून सुरी थांबली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं.

१९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम कायम ठेवलं, पण अट सांगितली: अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला हवा. सहज, अजाणता झालेला नाही चालत. तुम्ही सांगता त्या रीलमध्ये दुष्ट हेतू असलाच तर नळाविरुद्ध आहे. कोर्टात टिकणार नाही. पण टिकायची गरज कुठे असते? आमच्याकडे तारखाच शिक्षा देतात.

भुसावळची_मावशी

बाळा, मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, मराठी शिकवून निवृत्त झाले. कॅथलिक आहे. तुला हसू आलं हे तू लपवलं नाहीस ते बरं केलंस. मला नसतं आलं. माझी आई गेली तेव्हा तिच्या मुठीत जपमाळ होती, बोटं एकेक करून उघडावी लागली. शेवटचे चार महिने तिची नजर भिंतीवरच्या त्या काट्यांच्या मुकुटावर असायची. ते माझ्यासाठी नाटकाचं सामान नाही.

पोलिसात द्या असं मी म्हणत नाही. पण 'भावना दुखावल्या' हे शब्द हल्ली सगळे हसण्यावारी नेतात. दुखतं रे. ज्याचं दुखलं तो प्रत्येक जण धटिंगण नसतो. बायबलात याकोबाने जिभेला आग म्हटलंय, लहानशा ठिणगीने केवढं रान पेटतं. ते आबा तुझ्याशी बोलत नसतील, तर त्यांच्या भिंतीवर काय आहे ते आधी बघून ये.

पांझराकाठ

मावशी, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आबांकडे गेलो होतो, चहा झाला, विषय कोणीच काढला नाही. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो आहे आणि खाली मिशनच्या दवाखान्याचं जुनं कॅलेंडर.

आता माझं सांगतो. निवेदन वाचताना मला सारखा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सव्विसावा अध्याय आठवत होता, येशूवरच्या खटल्याचा. महायाजक कपडे फाडतो आणि म्हणतो, याने दुर्भाषण केलं, आता साक्षीदारांची गरज काय? दुर्भाषण म्हणजे देवनिंदा. आमचा प्रभू कशावरून मारला गेला? त्या काळच्या 'धार्मिक भावना दुखावल्याबाबत'च्या निवेदनावरून. आणि पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन? प्रेषितांच्या कृत्यांत बघा, आरोप तोच, आणि लोकांनी कानांवर हात ठेवून त्याला गावाबाहेर नेऊन धोंडे मारले. कानांवर हात ठेवणं आणि धोंडा उचलणं एकाच ओळीत लिहिलंय. ज्या धर्माची सुरुवात दुर्भाषणाच्या आरोपीपासून झाली, त्याच्या माणसाने त्याच आरोपाचं निवेदन घेऊन ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या? माझा पाय उचलत नाही.

दुसरी गोष्ट योहानाच्या अठराव्या अध्यायातली. हन्ना या याजकापुढे चौकशी चालली असताना एक शिपाई येशूच्या थोबाडीत मारतो. दुसरा गाल पुढे करा म्हणणारा माणूस तिथे दुसरा गाल पुढे करत नाही. तो विचारतो: मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते दाखव, आणि बरं बोललो असेन तर का मारतोस? बोलण्याला उत्तर बोलण्याने द्या, हातकडीने नको, हे मला याहून सरळ कुठे सापडलं नाही. संविधान सभेच्या किती तरी आधीचं आहे.

येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना यहुदी धर्मसभेने बोलायची बंदी घातली तेव्हा ते म्हणाले, जे पाहिलं-ऐकलं ते आम्ही बोलल्याशिवाय राहू शकत नाही. हे वचन आमच्याकडे पुलपिटवरून दर वर्षी गाजतं. पण त्याच सभेत गमलियेल नावाचा शास्त्री उठतो, जो या शिष्यांतला नाही, आणि म्हणतो की यांना सोडा, माणसाचं असेल तर आपोआप मोडेल, देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. गमलियेलवर प्रवचन मी क्वचितच ऐकलं. आपल्याला पेत्र व्हायचं असतं. गमलियेल व्हायची वेळ आली की निवेदन निघतं.

चार्वाक_चाळीसगाव

वा, छान. आता इतिहासही सांगा ना. १४१५ ला यान हुस या धर्मसुधारकाला जाळला, चर्चने. १५३६ ला विल्यम टिंडेलला, का, तर बायबल इंग्रजीत केलं. १५५३ ला वेगळं धर्ममत मांडणाऱ्या सर्व्हेटसला जाळला, आणि ते पोपने नाही, तुमच्या प्रॉटेस्टंट जिनिव्हाने. १६९७ ला एडिंबरोत थॉमस एकनहेड नावाचा विशीतला विद्यार्थी फाशी दिला, धर्माची टिंगल केली म्हणून. रीलवाल्या पोराच्याच वयाचा. रोमची बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी १५५९ पासून १९६६ पर्यंत चालू होती. इंग्लंडमधला देवनिंदेचा कायदा २००८ मध्ये गेला. हातात सत्ता होती तोवर तुमचा गमलियेल कुठे होता?

पांझराकाठ

हुसपासून २००८ पर्यंत सगळं कबूल. वर दोन माझ्याकडून घ्या. २००६ मध्ये 'दा विंची कोड' सिनेमा आला तेव्हा आपल्याच ख्रिस्ती संघटना बंदी मागत होत्या, काही राज्यांनी घातलीही. आंध्र आणि मद्रास हायकोर्टाने ती उडवली. दुसरी जास्त टोचते. केरळचे प्राध्यापक टी. जे. जोसेफ. प्रश्नपत्रिकेतल्या एका उताऱ्यावरून २०१० मध्ये त्यांचा हात तोडला. तोडणारे वेगळ्या धर्माचे, पण नोकरीवरून काढलं ते चर्चच्या कॉलेजने. निवृत्तीच्या तोंडावर परत घेतलं, तोवर त्यांच्या पत्नीने जीव दिला होता. हे मी आमच्या तरुण संघात सांगितलं तर दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

पण एक सांगू? सर्व्हेटसला जाळल्यावर जिनिव्हाचा धर्मनेता कॅल्विन याच्या तोंडावर बोलणाराही ख्रिस्तीच होता, सेबास्टियन कास्टेलियो. त्याचं म्हणणं होतं की माणूस मारल्याने सिद्धांताचं रक्षण होत नाही, फक्त माणूस मरतो. १६१२ च्या सुमारास थॉमस हेल्विस नावाच्या बॅप्टिस्टाने इंग्लंडच्या राजाला लिहून कळवलं की पाखंडी असो, तुर्क असो, यहुदी असो, धर्माच्या बाबतीत राजाला त्याला शिक्षा करायचा अधिकार नाही. तो तुरुंगातच मेला. ही माणसं धर्म सोडून बोलत नव्हती, धर्मातूनच बोलत होती. थोडी होती, हेही कबूल.

चार्वाक_चाळीसगाव

हेल्विस माहीत नव्हता. वाचतो. बाकी मत तेच.

केळीबाग_रावेर

भाऊ, मी रोखठोक बोलतो, राग मानू नका. बोलण्याचं स्वातंत्र्य तुम्हाला लागतं ते प्रचारासाठी. आजारी माणसाच्या खाटेजवळ जाऊन प्रार्थना म्हणायची, बरा झाला की श्रेय तुमच्या देवाला, नाही झाला तर त्याची श्रद्धा कमी. आमच्याकडे केळी तोडायला येणाऱ्या एका पावरा आदिवासी कुटुंबात दोन भाऊ वेगळे झाले याच्यावरून. आईच्या दिवसकार्याला एक आला नाही. ती म्हातारी सगळ्यांना सारखं वाढायची. मग तुम्ही बोला, आम्ही बोललो की द्वेष, असं का?

काळा_कोट

रावेरकर, तुमच्या प्रश्नाचा कायद्यापुरता भाग सांगतो. कलम २५ मध्ये धर्माचा 'प्रसार' करायचा हक्क आहे. तो शब्द ठेवावा की काढावा यावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत चांगली खडाजंगी झाली. टी. टी. कृष्णमाचारी म्हणाले होते की ते चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकले, कोणी त्यांना बाटवायचा प्रयत्न केला नाही. शब्द राहिला. मग १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं हा प्रसार, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे. आता सांगणं कुठे संपतं आणि करणं कुठे सुरू होतं, ती रेघ आजवर कोणाला नीट मारता आलेली नाही. माझ्या अशिलांना तर नाहीच.

अवांतर: बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्कही येतो, हे कोर्टाने १९८६ मध्ये सांगितलं, तेही ख्रिस्ती पंथाच्याच तीन मुलांच्या बाबतीत. यहोवाचे साक्षीदार, केरळ. राष्ट्रगीताला अदबीने उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेने काढलं, कोर्टाने परत घ्यायला लावलं.

डोंगरवाट

मी नवापूर तालुक्यातला, मावची आदिवासी. घरी तीन पिढ्या ख्रिस्ती. रावेरच्या दादांना म्हणतो, दिवसकार्याला न जाणं चूक. मी माझ्या काकांच्या सगळ्या विधींना गेलो, पूजेला बसलो नाही, पण लाकडं फोडली, पाणी भरलं, पंगत वाढली. खाटेवरच्या माणसाला श्रद्धा कमी म्हणणाराही चूक, माझा सख्खा मामा असं बोलतो, त्याच्याशी मी भांडलोय.

पण आता माझंही ऐका. आमचं नवापूर स्टेशन बघितलंय? अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकच बाक आहे, त्याच्या मधून हद्द जाते. गुजरातेत २००३ पासून धर्मांतराचा कायदा आहे, विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. आम्ही पोरं गंमत करायचो. या टोकाला बसून 'प्रभू तुझं भलं करो' म्हटलं तर एका राज्याचा कायदा, सरकून बसलं तर दुसऱ्याचा. आता गंमत करत नाही. गुरुवारी रात्री घरात प्रार्थना असते, दहा-बारा माणसं, सगळी नात्यातली. अलीकडे दार लावून घेतो आणि ढोलकी वाजवत नाही. कोणी मारलं नाही, खोटं कशाला बोलू. एकदा दोन मोटारसायकली येऊन उभ्या राहिल्या आणि गेल्या, एवढंच. पण तेव्हापासून माझी आय भजन कुजबुजल्यासारखं म्हणते. ती आधी असं म्हणायची की पल्याडच्या पाड्याला ऐकू जावं.

म्हणून पांझराकाठ भाऊ, तुम्ही सही केली नाही ते मला बरं वाटलं. ते कलम एकदा आपण वापरलं की उद्या आमच्या ढोलकीवर कोणी वापरलं तर कोणत्या तोंडाने बोलू?

केळीबाग_रावेर

लाकडं फोडली म्हणालात तिथे थांबलो मी. त्या पावरा भावांपैकी एकाला तुमचा मेसेज वाचून दाखवणार आहे. बाकीचं पटलं नाही अजून. ढोलकी मात्र वाजवा, त्याला ना नाही.

तिखट_शेव

स्टेशनवरच्या त्या बाकावर बसून मी भजी खाल्लीत. भजी महाराष्ट्रातली, चटणी गुजरातेत सांडली. चालू द्या तुमचं.

भुसावळची_मावशी

मास्तरीण आहे, राहवत नाही. तुम्ही सगळे जिनिव्हा, लंडन करताय, घरचं सांगते. १८५७ च्या सुरुवातीला मुंबईत समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचा उघड वाद चालायचा, आठवड्याच्या आठवड्याला, वाळूवर, शेकडो लोकांसमोर. बुवा बायबलातल्या विसंगती काढायचे, पाद्री वेदांवर शंका घ्यायचे. शब्द जहाल होते, आज छापले तर दोन्हीकडचे ठाण्यात जातील. पुढे तो वाद पुस्तकरूपाने छापलासुद्धा गेला. मला ते चित्र फार आवडतं, भरती आली की वाद संपत असेल बहुतेक.

आणि 'ज्ञानोदय'. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये काढलेलं ख्रिस्ती पत्र. त्यात १८५५ मध्ये मुक्ताबाई नावाच्या मुलीचा निबंध छापला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. वय चौदाच्या आसपास, फुल्यांच्या शाळेत शिकलेली, ख्रिस्ती नव्हे. आम्हाला धर्मपुस्तक पाहण्याची मोकळीक नाही तर आम्ही धर्मरहित आहोत, असं लिहायची तिची हिंमत. किती जणांच्या भावना दुखावल्या असतील! वर्गात मी तो निबंध मोठ्याने वाचायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पुढे येऊन बसायची. नीतिसूत्रांत म्हटलंय ना, मुक्यांसाठी तोंड उघड. त्या संपादकाने आपलं तोंड नाही उघडलं, तिला उघडू दिलं.

म्हणजे मी तुझ्या बाजूची झाले असं समजू नकोस बाळा. मुक्ताबाई स्वतःच्या जखमेवर बोलली, तुझा रीलवाला माझ्या जखमेवर. फरक आहे.

पांझराकाठ

आहे, मावशी. पण तोही आठ दिवसांनी येणाऱ्या नळाबद्दलच बोलत होता. त्याला माझ्या देवाची चादर सापडली, एवढंच.

पांझराकाठ

नऊ दिवसांनी लिहितोय. काय झालं ते सांगतो.

ईस्टर झाल्यावर सोमवारी आबा स्वतःच आले. म्हणाले, त्या पोराकडे जायचं, तू चल. निवेदनाचं नाव काढलं नाही. माझ्या पोटात गोळा. आबा तापले की आवाज चढतो, जवानीत बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहून वचन सांगायचे, भोंगा लागत नसे.

दार पोराच्या आईने उघडलं. तिला आम्ही कोण ते माहीत होतं, तोंड उतरलं. पोरगा आतून आला, हात पुसत. रील त्याने काढून टाकली होती. आमच्या भीतीने नाही, आमच्याशी काही संबंध नसलेल्या कोणीतरी त्याला फोनवर शिव्या दिल्या होत्या, 'आज येशू केला, उद्या आमचा करशील' म्हणून. आबा एकदम गप्प. मग म्हणाले, "काढी काबरं टाकी? माले तुन्हासंगे भांडनं व्हतं." काढलेल्या रीलशी भांडायचं कसं, हे त्यांचं खरं दुःख होतं.

तरी भांडले. पाऊण तास. मला वाटलं होतं मुकुटावरून सुरू होतील, पण त्यांनी धरलं ते शेवटचं वाक्य. 'या काय करी ऱ्हायनात ते यास्ले समजत नही.' म्हणाले, कचरा टाकणाऱ्याला सगळं समजतं रे, म्हणून ते वाक्य तिथे बसत नाही. ते वाक्य खिळे ठोकणाऱ्यांसाठी आहे, आणि ते कसं म्हटलं गेलं हे तुला माहीत आहे का? मग बसल्या जागी त्यांनी त्याला वधस्तंभाची गोष्ट सांगितली, अहिराणीत, नाटकीपणा न करता. पोरगा ऐकत होता की घाबरून बसला होता, सांगता येत नाही. मधेच म्हणाला, "आबा, तुम्हना आवाज भारी शे, रीलमा या ना." आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की मी कप खाली ठेवला. पण हसले. त्याच्या आईने तेव्हा कुठे श्वास सोडला.

मंडळीत सगळं गोड झालंय असं नाही. तेरातल्या दोघांनी मला पळपुटा म्हटलं, एकाने या रविवारी हात मिळवला नाही. आबांनी अजून स्वतःची सही खोडलेली नाही. विचारलं तर म्हणाले, दुखलं होतं म्हणून केली, ती खोटी नव्हती. मावशी, हे तुमच्यासाठी.

निघताना पोराची आई दारापर्यंत आली आणि आबांना म्हणाली, त्याचं काय करू? दारामागे खिळ्याला तो मुकुट टांगलेला. बोरीच्या काटेरी फांद्यांचा, तारेने बांधलेला, वाळून तांबूस झालेला. खाली तिने एक उदबत्ती लावलेली, अर्धी जळून विझलेली. मी म्हटलं, ताई, टाकून द्या. ती माझ्याकडे बघायला लागली. "हाऊ देवना शे ना भाऊ, कसा फेकू?"

आबांनी उपरणं काढलं, त्यात गुंडाळला आणि माझ्या मागे गाडीवर बसले. स्पीड ब्रेकर आला की मला पाठीला टोचत होता.

काळा_कोट

आणि निवेदन?

पांझराकाठ

डिकीतच. पेट्रोलच्या पावत्यांखाली.